शेकोटी बंद, मग ऊब कुठून?

बाबांनी गेल्या आठवड्यात सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त पाठवलं. कर्वेनगरची आमची सोसायटी, ४८ फ्लॅट. पार्किंग, टँकर, लिफ्टची दुरुस्ती हे नेहमीचे विषय संपल्यावर शेवटी एक ठराव होता: रात्रपाळीच्या वॉचमनने आवारात शेकोटी पेटवू नये. एकमताने मंजूर.

ठराव चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. त्या शेकोटीत लाकूड कमी आणि पुठ्ठे, प्लास्टिक, झाडलेला पालाच जास्त असतो. धूर पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून सरळ आत जातो आणि तिथे दम्याने बेजार झालेले आजोबा राहतात. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांतही मनाई केलेली होती. पण सभेतली चर्चा बाबांनी फोनवर सांगितली आणि मला राहवेना. कुणी म्हणालं, महिना-दीड महिन्याची तर थंडी, शेकू दे की बिचाऱ्याला. कुणी म्हणालं, थंडी वाजत असेल तर जाड जॅकेट घालावं. म्हणजे एकाने दया केली, दुसऱ्याने सल्ला दिला. जानेवारीच्या पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर आलेला असताना गेटपाशी बसून बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाला ऊब पुरवणं हे सोसायटीचं काम आहे, असं मात्र एकालाही वाटलं नाही.

मी २०१३ पासून जर्मनीत, श्टुटगार्टला राहते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्या या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ओळखीपाळखीच्या मुलांचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: ताई, थंडी किती असते? मी सांगते, थंडी बाहेर असते, घरात नसते. त्यांना ते खरं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. येताना आईने माझ्या बॅगेत तीन स्वेटर, एक गोधडी आणि कानटोपी कोंबली होती. बाहेर उणे पाच, आणि घरात मी सुती कुर्त्यात भाकरी थापत होते. उलट डिसेंबरात पुण्याला गेले की मी काकडते. आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. गार फरशी, खिडक्यांना फटी, वारा इकडून तिकडे खेळता राहील अशी रचना. मे महिन्यात ती वरदान असते. जानेवारीत मात्र आई शाल लपेटून, मोजे घालून ओट्यापाशी उभी असते आणि म्हणते, सवय आहे गं.

हे 'सवय आहे' मला आता ऐकवत नाही. थंडी म्हणजे ज्याने त्याने आपापल्या अंगावर सोसायची गोष्ट, असंच आपण धरून चाललो आहोत. सोसणाऱ्याचं कौतुक करायचं, आणि ज्याला सोसत नाही त्याला जॅकेट घाल म्हणायचं.

माझ्या इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात, ऐन जानेवारीत, हीटिंग बंद पडलं. मी घरमालकाला फोन केला, तर तो म्हणाला, दोन दिवस जास्तीचे स्वेटर घाला. सल्ला कर्वेनगरातलाच, फक्त जर्मन भाषेत. दोन दिवसांचे चार झाले. शेजारच्या बाईंनी मला हाताला धरून भाडेकरू संघटनेच्या कार्यालयात नेलं. तिथे कळलं की भाड्याच्या घरात हिवाळ्यात दिवसा २० ते २२ अंश राखता आलेच पाहिजेत, अशी न्यायालयांची भूमिका आहे. तेवढं होत नसेल तर तो घरातला दोष ठरतो आणि भाडं कमी करून घेण्याचा हक्क कायद्याने मिळतो. त्यांनी पत्राचा मसुदा दिला. पाचव्या दिवशी कारागीर आला. मी काही भांडकुदळ नाही, पण त्या पत्राखाली सही करताना मला पहिल्यांदा लक्षात आलं की ऊब हीसुद्धा पाण्यासारखी, विजेसारखी मागायची गोष्ट आहे.

हक्काच्या जोडीला कामही येतं. या भागात 'केरवोखं' नावाची जुनी पद्धत आहे. केर काढण्याचा आठवडा, आणि गंमत म्हणजे शब्दाची सुरुवातही आपल्या केरासारखीच. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला पाटी लटकते. त्या आठवड्यात जिना, अंगण आणि समोरचा फूटपाथ त्याचा. बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत तो फूटपाथ मोकळा करून त्यावर बारीक खडी टाकायची. मीठ शक्यतो टाकायचं नाही, झाडांची मुळं जळतात. कुणी घसरून हाड मोडून घेतलं तर भरपाईचा प्रश्न पाळीवाल्याच्या दारी येऊ शकतो. साडेपाचला उठून अंधारात फावडं चालवताना सुरुवातीला माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आता समोरच्या घरातल्या ऐंशीच्या आजी सातनंतर काठी टेकत पावाच्या दुकानाकडे निघतात ते पाहते, आणि मला ते काम आपलं वाटतं.

दरवर्षी थंडीत आपल्याकडच्या बातम्यांत एक गोष्ट असतेच: बंद न्हाणीघरात गॅस गिझर आणि कार्बन मोनॉक्साइडने गेलेला जीव. या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठतच नाही. बातमीखाली सूचना येते, खिडकी उघडी ठेवा, काळजी घ्या. पुन्हा ज्याची त्याने. इथे आमच्या इमारतीत गॅसचा बॉयलर आहे आणि तो तपासायला काळ्या कपड्यांतला धुराडेवाला येतो, त्याला इथे शोर्नश्टाइनफेगर म्हणतात. त्याला घरात घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तो नळीतला वायू मोजतो, कागद देतो, बिल देतो. मला वाटतं, गिझर विकताना आणि बसवताना धूर बाहेर नेणारी नळी आहे की नाही हे कुणीतरी पाहून सही करावी, एवढी मागणी आपण का करत नाही?

इथे सगळं गोड आहे असं समजू नका. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि चिमुरडी मुलं त्याआधी अंधारातच शाळेकडे निघतात. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, तेव्हा स्कूलबस आणि नोकरीच्या वेळांवरून बरीच कुरकुर झाली. मला तो निर्णय मनापासून आवडला होता. २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटला तेव्हा इथल्या सरकारी कार्यालयांत १९ अंशांची मर्यादा आली आणि पगारातला केवढा तरी भाग घर गरम ठेवण्यात गेला. आणि पुलाखाली झोपणारी माणसं इथेही आहेत. त्यांच्यासाठी रात्री चहा, पांघरुणं घेऊन 'केल्टेबुस', थंडीची बस, फिरते. तरीही दर हिवाळ्यात काही जण दगावतात.

पण शेकोटीच्या बाबतीत श्टुटगार्टकडे आपल्याला देण्यासारखं काही आहे. हे शहर टेकड्यांच्या मधल्या खोलगट वाटीत वसलं आहे, त्यामुळे हिवाळ्यात वारा पडला की धूर तिथेच साचतो. जानेवारी २०१६ पासून काही वर्षं अशा दिवशी शहर सूक्ष्म धूलिकणांचा इशारा जाहीर करायचं. २०१७ पासून त्या दिवसांत घरातल्या लाकडाच्या शेकोट्या पेटवायलाही बंदी आली. मात्र नियमात एक भेद होता. बंदी हौसेच्या शेकोटीवर, म्हणजे ज्या घरात उबेची दुसरी सोय आहे तिथल्या शेकोटीवर. ज्याच्या घरात तीच एक ऊब, त्याला बंदी नाही. आमच्या सोसायटीच्या ठरावात नेमका हाच भेद सुटला. वॉचमनकाकांची शेकोटी हौसेची नाही.

दिल्लीत तर प्रदूषणाच्या टप्प्यांनुसार लागू होणाऱ्या आराखड्यातच लिहिलं आहे की निवासी संघटनांनी सुरक्षारक्षकांना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे ते काही जाळणार नाहीत. मी बाबांना हिशेब करून पाठवला. ८०० वॉटचा हीटर रात्री दहा तास चालला तर आठ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर रात्रीचे ९६, साठ रात्रींचे ५,७६० रुपये. ४८ फ्लॅटमध्ये वाटले तर अख्ख्या हिवाळ्याचे घरटी १२० रुपये. हीटर एकदाच घ्यायचा. केबिनच्या फुटक्या खिडकीला काच लावायची, बसायला लोखंडी खुर्चीऐवजी लाकडी, आणि पाण्याची एक किटली. केबिनमध्ये कोळशाची शेगडी मात्र कुणी प्रेमाने आणून दिली तरी ठेवू द्यायची नाही, कारण बंद जागेत ती गॅस गिझरइतकीच घातक.

बाबा आधी म्हणाले, तू तिकडून सांगतेस, इथे एकाने हीटर मागितला की उद्या माळी मागेल, सफाईवाल्या मावशी मागतील. मी म्हटलं, बाबा, मावशी पहाटे साडेपाचला गार पाण्यात हात घालून जिना पुसतात. त्यांच्यासाठी गरम पाण्याचा नळ मागायचा राहिलाच होता, तोही लिहा.

ते थोडा वेळ गप्प होते. संध्याकाळी त्यांचा निरोप आला: पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत दोन मुद्दे घातलेत, केबिनचा हीटर आणि तळमजल्यावर गरम पाणी. सूचक म्हणून त्यांनी स्वतःचं नाव दिलं आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. उद्या ते पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना विचारणार आहेत.