डायलवरचे १५० मीटर: एका फॉरवर्डला उत्तर

जुन्या डायव्हर, म्हणजे पाण्याखाली वापरायला बनवलेल्या, घड्याळांच्या हौशी मंडळींत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. सारांश असा: “जुनं डायव्हर म्हणजे रणगाडा. डायलवर १५० मीटर लिहिलंय ना? पाणी अडवणारी रबरं बदला आणि खुशाल समुद्रात उतरा. ३० मीटरवालं मात्र हात धुतानाही काढून ठेवा, कारण हात हलवला की पाण्याचा दाब दहापट होतो. पाणी गेलंच तर तांदळाच्या डब्यात ठेवा.” उदाहरणाला सेको ६३०९-७०४० घेऊ. १९७६ पासून पुढे दशकभर बनलेलं, ४४-४५ मिलिमीटरचं, उशीच्या आकाराचं हे घड्याळ या हौशीतला बहुतेकांचा पहिला मुक्काम.

“डायलवर १५० मीटर लिहिलंय.” तो आकडा कारखान्यातून निघालेल्या नव्या घड्याळाचा. चाळीस वर्षांत रबर कडक होतं, दबून चपटं होतं, कधी डांबरासारखं चिकट होतं. शिवाय ती शाई आहे. रंगवलेल्या डायलच्या ज्या घड्याळांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, त्यांच्या डायलवर हवा तो आकडा छापता येतो. डायल नवीकोरी आणि केस (घड्याळाचा बाहेरचा धातूचा डबा) घासून गुळगुळीत असेल, तर १५० हा आकडा वाचायचाच नाही.

“रबरं बदला की झालं.” सगळ्यात जास्त घड्याळं या वाक्यावर बुडाली असतील. रबर पाणी अडवतं ते त्याच्याखालची धातूची बैठक सपाट असेल तरच. घाम आणि खारं पाणी मागच्या झाकणाच्या खाचेत अडकून राहतं. तिथे हवा खेळत नाही, क्लोराइड साचतं आणि स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. जुनं रबर काढल्यावर खाच पुसून दहापट भिंगाखाली बघा. खड्डा रबराच्या रुंदीला आडवा गेला असेल तर नवं रबरही त्यावरून पाणी आत सोडणार. ग्रीस थापून हे झाकू नये. खड्डा लेझर वेल्डिंगने भरून लेथवर पुन्हा सपाट करावा लागतो, आणि त्याचा खर्च कधी कधी घड्याळाच्या किमतीला भिडतो.

रबरं तीन ठिकाणी असतात: मागचं झाकण, काच आणि चावी (वेळ लावायची बाजूची खुंटी). घड्याळजी पहिलं हमखास बदलतो, तिसरं हमखास राहतं. ते चावीच्या आत बसवलेलं असतं, म्हणून बहुधा अख्खी चावीच बदलावी लागते. चावीचे आटे स्वतः पाणी अडवत नाहीत. ते फक्त रबर दाबून धरतात. आटे झिजले की चावी घट्ट वाटते, पण पूर्ण बसत नाही. नकली चावीचे आटे थोडे वेगळे असले तर ती केसवरचे चांगले आटेही खाते. नव्या रबराला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवायचा. आणि पावसाळ्यात केस एसीच्या कोरड्या खोलीत बंद करावी, नाहीतर दमट हवाच आत कोंडली जाते.

“हात हलवला की दाब दहापट.” हिशोब करू. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला १०२५ किलो. हाताचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला, जो चांगल्या पोहणाऱ्यालाही सहसा जमत नाही, तर निम्मी घनता गुणिले वेगाचा वर्ग म्हणजे साधारण १२,८०० पास्कल. ०.१३ बार. सव्वा मीटर जादा खोली, बस्स! १० मीटर उंचीवरून सूर मारला तरी भर पडते ती १ बारच्या आसपास. ३० मीटरवालं घड्याळ बेसिनवर मरतं ते वाळलेल्या रबरामुळे, उघड्या राहिलेल्या चावीमुळे किंवा गरम पाण्याच्या वाफेमुळे.

मग खात्री कशी करायची? ग्लासात बुडवून नाही. गळती असेल तर तिथेच मशीन जाईल. शक्यतो मशीन काढून रिकामी केस तपासावी. टेस्टरच्या नळकांड्यात ती पाण्याच्या वर, हवेत टांगतात, दाब ६ बारपर्यंत नेतात आणि काही मिनिटं थांबतात. मग पाण्यात सोडून दाब हळूहळू उतरवतात. आत शिरलेली हवा बुडबुड्यांच्या सलग माळेने बाहेर येते आणि गळती नेमकी कुठे आहे ते दिसतं. बेझलखाली (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याखाली) अडकलेले दोनचार सुटे बुडबुडे निघतात, त्यांना घाबरू नये. माळ दिसली की दाब शून्यावर यायच्या आत केस वर घ्यायची. ६ बार पास म्हणजे १५० मीटरची हमी नव्हे, पण पोहायला भरपूर.

“तांदळाच्या डब्यात ठेवा.” बंद केसमधलं पाणी तांदळापर्यंत जाणार कुठून? चावी उघडी ठेवली तर पिठूळ धूळ आत. शिवाय मीठ तर आतच राहतं. त्याच दिवशी मशीन बाहेर काढून, खोलून धुतलं तर वाचतं. आठवड्याने नेलं तर चावीखालचे स्टीलचे भाग गंजलेले मिळतात.

रबरं, बैठक, चावी सगळं ठीक असलं तरी तारकर्लीला स्कूबाला जाताना वेळ मोजायला ६३०९ वर विसंबू नये. त्याची बेझल दोन्ही बाजूंना फिरते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धक्का लागून ती दहा मिनिटं सरकली, तर पाण्याखाली तुम्ही तीस मिनिटं असताना ती वीसच दाखवते.