दम सोडणारी स्नोमोबाइल आणि ‘जेट मोठा करा’चा सल्ला

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर पळणारी गाडी. तिच्या जुन्या टू-स्ट्रोक मॉडेलवाल्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो. चालता चालता गाडीने दम सोडला, तर कार्ब्युरेटर साफ करा, त्यातला मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोठा टाका, पेट्रोलात ऑइल वाढवा. शिवाय थंडीत इंजिन तापत नाही, तिकडे बघूच नका. चारही गोष्टी तपासून पाहू.

‘आधी कार्ब्युरेटर साफ करा.’ उन्हाळाभर पेट्रोल भरून ठेवलेल्या गाडीला हे लागू पडतं, मान्य. पण चोंदलेला जेट सुरुवातीपासून त्रास देतो. तुमची गाडी दहा मिनिटं झकास पळून मग बसत असेल, तर आधी टाकीचं झाकण सैल करून पाहा. टाकीचा श्वास बंद झाला की आत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल यायचं थांबतं. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज करत हवा आत गेली, तर चोर तिथेच सापडला.

त्यानंतरचा संशयित इंधन पंप. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत तो बहुधा विजेवर नसतो, क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पेटीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो. ते ठोके पोचवणाऱ्या नळीला बारीक चीर गेली किंवा पंपातला पडदा कडक झाला, तरी आयडलला काहीच कळत नाही. पूर्ण थ्रॉटल दिला की कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी भरण्यापेक्षा लवकर रिकामी होते, गाडी बसते. थ्रॉटल सोडला की वाटी भरते आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी पळते. माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारं लक्षण हेच. दम जाताना प्रायमरच्या (जादा पेट्रोल सोडणाऱ्या हातपंपाच्या) दोन पिचकाऱ्या मारा, प्रायमर नसेल तर चोक किंचित ओढा. क्षणभर जीव आला, तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली, तर पेट्रोल कमी नाही, ठिणगीकडे वळा.

‘मेन जेट मोठा टाका.’ पेट्रोल मागूनच कमी येत असेल, तर मोठा जेट ती वाटी आणखी लवकर उपसेल! आणि क्रँककेसमध्ये हवा शिरू न देणारं क्रँकचं सील हवा घेत असेल, तर जास्तीचं पेट्रोल आजार झाकतं, सील गळतच राहतं. एक दिवस पिस्टन जाम होतो, मग खर्चाला अंत नाही. जेट हवेच्या तापमानावर आणि उंचीवर ठरतो: कडक थंडीत मोठा, उंच डोंगरावर लहान. काल त्याच जेटवर, तशाच हवेत गाडी नीट पळत होती ना? मग जेटने काय केलं?

‘ऑइल वाढवा.’ हा सल्ला उलटाच. 50 ला 1 चं मिश्रण 25 ला 1 केलं, की ऑइलचा वाटा सुमारे 2 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या जवळ जातो. त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढंच घटतं, म्हणजे मिश्रण थोडं लीन होतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. वर प्लग काळे पडतात ते वेगळंच. कंपनीच्या पुस्तकातलं प्रमाण पाळा.

‘थंडीत इंजिन तापत नाही.’ तापतं, चांगलंच तापतं. फॅन-कूल्ड गाडीत पंख्याचा पट्टा सैल झाला की झालं. लिक्विड-कूल्ड गाडीत उष्णता टनेलखालच्या (सीटखाली ट्रॅक, म्हणजे गाडी ढकलणारा पट्टा, फिरतो त्या पोकळीतल्या) कूलरमधून जाते आणि त्यांना थंड करतो तो ट्रॅकने उडवलेला बर्फ. टणक, गुळगुळीत बर्फावर काहीच उडत नाही, कूलर कोरडे राहतात. स्टेटरची (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाची) कॉइलही अशीच लबाड: गार असताना मीटरवर रेझिस्टन्स बरोबर, तापल्यावर ठिणगी गायब, अर्ध्या तासाने पुन्हा हजर. म्हणून मोजमाप गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच घ्या.

या सल्ल्यात क्लचचं नावच नाही, याचं मला नवल वाटतं. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) तेवढाच किंवा वाढलेला आणि वेग मात्र घटला, तर इंजिन निर्दोष आहे, क्लचचा बेल्ट घसरतोय. इंजिन बंद करून बेल्टची रुंदी मोजा, कडा काचेसारख्या चकाकतात का पाहा. आरपीएमही पडत असेल, तरी कार्ब्युरेटर खोलण्याआधी थांबल्या थांबल्या ब्रेकच्या डिस्कजवळ हात नेऊन पाहा, लावू मात्र नका. ब्रेक न दाबताही ती भाजण्याइतकी तापली असेल, तर ब्रेक चिकटलाय आणि बिचारं इंजिन तो ओढत धावतंय.