टीव्ही आईंचा, एक्सेल नवऱ्याची

तर आमच्याकडे नवीन टीव्ही आला. यात फेसबुकवर एवढं लिहिण्यासारखं काय असं वाटेल, पण गेला महिनाभर आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता, आणि आता सगळं पार पडल्यावर मला जरा भांडायचंय. दुकानवाल्यांशी, टीव्ही बनवणाऱ्यांशी आणि थोडंसं नवऱ्याशी.

जुना ३२ इंची टीव्ही अकरा वर्षं चालला. गणपतीच्या आसपास स्क्रीनच्या उजव्या बाजूला एक हिरवी उभी रेघ आली, मग आठवड्याने तिच्या शेजारी दुसरी. दुरुस्तीवाला आला, मागचं झाकण उघडलं, बघितलं आणि म्हणाला पॅनल गेलाय, नवीन टाकायचा तर तेवढ्यात नवा टीव्ही येईल. सासूबाई, म्हणजे आई, वय ७६, आमच्या टीव्हीच्या खऱ्या मालक, त्या म्हणाल्या असू दे की, रेघ कडेला आहे, माणसं तर दिसतायत. तीन आठवडे त्यांनी सगळ्या मालिका त्या रेघांसकट बघितल्या. कुणी उजवीकडून घरात शिरलं की रेघांच्या पडद्याआडून आल्यासारखं वाटायचं, आणि मला तर नंतर नंतर तो दिग्दर्शकाचाच काहीतरी विचार असावा असं वाटायला लागलं होतं.

तेवढ्या काळात नवऱ्याने एक्सेल शीट केली. पॅनल, निट्स, रिफ्रेश रेट, रॅम, पोर्ट किती, वॉरंटी किती. सव्वीस रांगा, चौदा कॉलम. शिवाय घटस्थापनेपर्यंत थांबायचं असं फर्मान, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर येणार होता. ते मात्र त्याचं बरोबर निघालं, मूळ किंमत ३० हजार धरली तर सरळ ३ हजारांचा फरक. (३२ इंचांपर्यंत आधीपासूनच १८ टक्के होता, म्हणजे छोटा टीव्ही घेणाऱ्याच्या हातात यातलं काहीच पडलं नाही.)

पण त्या चौदा कॉलममध्ये एक कॉलम नव्हता. टीव्ही बघणार कोण? नवरा रात्री अकरानंतर अर्धा तास मॅच नाहीतर यूट्यूब, मी रविवारी एखादा सिनेमा, तोही भाजी निवडत, लेक सगळं फोनवर. आणि आई संध्याकाळी सातच्या बातम्यांपासून साडेनऊपर्यंत, शिवाय दुपारी रिपीट. म्हणजे वापर ऐंशी टक्के आईंचा आणि निकष शंभर टक्के नवऱ्याचे. माझं म्हणणं एवढंच की हे आमच्याच घरात नाही, दुकानात पण तसंच आहे, तिथे तुम्हाला बजेट विचारतात, साईज विचारतात, ईएमआय करणार का विचारतात, घरात कोण कोण आहे हे एकानेही विचारलं नाही.

साईजवरून पहिली लढाई. नवऱ्याला ५५ हवा होता. आमचा हॉल डोंबिवलीतला हॉल, सोफा ते भिंत आठ फूट. मी म्हटलं कागदावर भांडण नको, भिंतीवर करू, आणि रद्दीतले पेपर काढून सेलोटेपने ५५ इंची टीव्ही भिंतीवर चिकटवला. लोकांना वाटतं ५५ म्हणजे रुंदी. ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं माप असतं, रुंदी येते ४८ इंच आणि उंची २७. चिकटवल्यावर लक्षात आलं की टीव्ही लाईटच्या स्विचबोर्डावर दोन इंच चढतोय. आई सोफ्यावर बसून त्या पेपरांकडे बघत म्हणाल्या, "एवढा? माणसं अंगावर येतील की गं." नवरा म्हणाला आई, फोर-केला (म्हणजे खूप जास्त ठिपक्यांच्या स्क्रीनला) एवढं अंतर चालतं. तेही खरंच आहे, फोर-के चित्र जवळून बघितलं तरी फुटत नाही. पण स्विचबोर्डाला कुठे माहीत फोर-के. ५० वर तह झाला. ज्यांना टीव्ही घ्यायचाय त्यांनी दुसरं काही नाही केलं तरी ही पेपरची युक्ती कराच.

मग दुकान. तिथे एका भिंतीवर तीस-चाळीस टीव्ही आणि सगळ्यांवर तेच ते, समुद्रातले मासे, लाल-निळे पोपट, कापलेलं कलिंगड, रात्रीची दुबई. प्रत्येक टीव्ही ब्राईटनेस फुल करून ठेवलेला, वरती पांढऱ्याशुभ्र ट्यूब. त्या उजेडात जो सगळ्यात भडक तोच सगळ्यात भारी वाटतो, आणि म्हणून तर तसा ठेवतात. मी सेल्समनला म्हटलं दादा, पोपट राहू दे, मराठी चॅनल लावा एखादा. तर म्हणे मॅडम, सेट टॉप बॉक्स नाहीये इथे. एवढं मोठं दुकान, चाळीस टीव्ही, आणि लोक घरी जाऊन जे बघणार ते दाखवायची सोय नाही! शेवटी माझ्या फोनचा हॉटस्पॉट देऊन यूट्यूबवर मराठी बातम्या लावल्या आणि मग भिंतीवरचे दोन "भारी" टीव्ही एकदम साधे दिसायला लागले, निवेदिकेचा चेहरा शेंदूर फासल्यासारखा.

तिथेच क्यूएलईडीचा पण क्लास झाला. नाव ओएलईडीसारखं ठेवलंय म्हणून सारखंच काहीतरी असेल असं मला वाटत होतं. तसं नाही. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि काळं दाखवायचं असेल तर पूर्ण विझतो. क्यूएलईडी म्हणजे आपला नेहमीचाच एलसीडी, मागे एलईडीचा लाईट, मध्ये रंग सुधारणारा एक थर. वाईट नाही, आम्ही तोच घेतला, पण "ओएलईडीच समजा ना मॅडम" असं कुणी म्हणालं तर समजू नका. एचडीआरचं (म्हणजे उजळ आणि काळोखे भाग दोन्ही ठळक दाखवायची सोय) पण तसंच, स्वस्तातल्या टीव्हीवर लिहिलेलं असतं, तो सिग्नल घेतोही, पण दाखवायला जेवढा उजेड लागतो तेवढा पॅनलमध्येच नसतो.

ब्रँड सांगत नाही, विचारू नका, कारण पुढे मी त्याला नावं ठेवणार आहे.

टीव्ही घटस्थापनेनंतर चौथ्या दिवशी आला. माणूस येईपर्यंत खोका उघडायचा नाही असं बजावलेलं, त्यामुळे दोन दिवस तो खोका हॉलमध्ये उभा (आडवा नाही ठेवायचा, पॅनलवर दाब येतो) आणि आई त्याला वळसा घालून देवघरात जात होत्या. मग इन्स्टॉलेशनवाला पोरगा आला. ड्रिल मशीन काढलं, विचारलं किती वर लावू, आणि उत्तर यायच्या आत पेन्सिलने खूण केली, जवळजवळ माझ्या डोक्याच्या वर. म्हटलं अरे थांब, हॉटेल आहे का हे? तर म्हणतो, "मॅडम, सगळे वरच लावतात, शो येतो."

शो येतो आणि मान जाते. मी आईंना त्यांच्या खुर्चीत बसवलं, शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि जमिनीपासून त्यांच्या डोळ्यापर्यंत मोजलं. ४० इंच. म्हटलं टीव्हीचा मध्य इथे आला पाहिजे. खालची कड २८ इंचांवर. पोरगा हसला, नवरा म्हणाला फार खाली दिसेल, आई टेप धरून ताठ बसलेल्या, जसं काही ब्लाऊजचं माप चाललंय. पण लावला तिथेच. भिंतीत चार भोकं, गिट्ट्या ठोकल्या, स्टँड बसवला, खाली चहा, वर सिमेंटची धूळ. आईंना दोन वर्षांपासून मानेचा त्रास आहे, आणि लावल्यावर त्या पहिलं वाक्य हे म्हणाल्या की "समोरच आलाय गं, वर बघायलाच लागत नाही." चौदा कॉलमवाला शांत होता.

आणि इथून खरी गंमत. टीव्ही चालू केला तर तो आधी गूगल अकाउंट मागतो. वायफाय मागतो. मग एकामागून एक टिका, हे मान्य का, ते मान्य का. नवरा सगळ्याला हो हो करत चालला होता, मी हात धरला. त्यातली एक टिक अशी असते की तुम्ही काय बघता ते टीव्ही ओळखणार आणि कंपनीला कळवणार, आणि ते फक्त ॲपवरचं नाही, सेट टॉप बॉक्समधून येणारं चित्रसुद्धा तो ओळखू शकतो. आई कुठली मालिका कितीदा बघतात याच्याशी कुणाला काय करायचंय? काढली टिक. टीव्ही त्यावाचून उत्तम चालतो. घरी टीव्ही असेल त्यांनी सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन एकदा बघा.

मग बॉक्स जोडायला गेलो तर आमचा जुना बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीचा आणि नव्या टीव्हीला ती तीन भोकंच नाहीत. एक बारीकसं भोक आहे, त्याला वेगळी वायर लागते आणि ती खोक्यात नाही. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडून आणली, लावलं, आणि आईंचा चेहराच पडला. "हे तर जुन्यापेक्षा वाईट दिसतंय." बरोबर होतं त्यांचं! साध्या एसडी चॅनलच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर. फोर-के स्क्रीनवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाखांच्या आसपास. हिशोब केला तर एका ठिपक्याचे वीस करून टीव्हीला पसरावं लागतं, एक वाटी आमटी वीस जणांना वाढल्यासारखं, मग पातळ नाही होणार तर काय. एचडी बॉक्स घेतला, चॅनलचे एचडी पॅक घेतले, दर महिन्याचे पैसे वाढले, हा खर्च एक्सेलमध्ये नव्हता. ओटीटीचं पण बघून ठेवा, नेटफ्लिक्सचा बेसिक प्लॅन ७२०पी वरच, म्हणजे उभ्यात ७२० ठिपक्यांवरच थांबतो, तुमचा टीव्ही कितीही के असू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई एक जुना मराठी सिनेमा बघत होत्या. स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "अगं, हा सिनेमा मालिकेसारखा का दिसतोय?" मला आधी कळेना. जाऊन बघितलं तर खरंच, सगळे गुळगुळीत, सुळकन सरकत होते, व्हिडिओ शूटिंग असल्यासारखं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि हे टीव्ही मधली चित्रं स्वतःच बनवून घुसडतात. इंग्रजीत याला सोप ऑपेरा (म्हणजे मालिका) इफेक्टच म्हणतात हे नवऱ्याने नंतर शोधलं, म्हणजे ७६ वर्षांच्या बाईने जे एका वाक्यात पकडलं तेच. पिक्चर सेटिंगमध्ये मोशन नावाचं काहीतरी असतं, प्रत्येक कंपनीत वेगळं नाव, ते बंद करायचं. बंद केलं. व्हिव्हिड, म्हणजे भडक रंगांचा मोड, काढून सिनेमा मोड पण लावला, पण तो आईंना पिवळट वाटला, "हळद लावल्यासारखं", म्हणून स्टँडर्डवर तडजोड.

आणि आता रिमोट. हे लिहायलाच मी बसलेय खरं तर.

नवीन रिमोटला आकडेच नाहीत. मोजून बारा-पंधरा बटणं, त्यात चार रंगीबेरंगी ओटीटीवाल्यांची, आणि ती नेमकी अंगठा जिथे पडतो तिथे. म्हणजे चॅनल बघायला सेट टॉप बॉक्सचा वेगळा रिमोट, टीव्ही चालू करायला हा. आईंना चॅनल नंबर पाठ आहेत, दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहूनही ठेवलेत. पहिल्या आठवड्यात रोज एकदा तरी ऐन रंगात आलेल्या मालिकेच्या मध्ये आईंचा अंगठा त्यातल्या लाल बटणावर पडायचा आणि टीव्ही सगळं सोडून भलतीकडे जायचा. एकदा तर मी ऑफिसात, दुपारी फोन. "अगं, टीव्ही बोलायला लागलाय." म्हटलं आई, टीव्ही बोलणारच. "तसा नाही गं, मी बटण दाबलं की कुठलं दाबलं ते तो मला इंग्रजीत सांगतोय." दोन बटणं एकदम दाबून धरली गेली होती आणि दृष्टिहीनांसाठीची सोय चालू झाली होती. सोय चांगलीच आहे, पण चुकून चालू झाली तर बंद कशी करायची हे ७६ वर्षांच्या माणसाला कुठून कळणार? त्यांनी पुढची दुपार टीव्ही बंद ठेवून काढली, मला वाईट वाटलं खूप. ज्यांच्यासाठी टीव्ही आणला त्याच त्याला घाबरायला लागल्या.

शेवटी असं केलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चालू झाल्यावर थेट एचडीएमआय एक वर (बॉक्सची वायर लावलीय त्या भोकावर) जायचं असं करता येतं, ते केलं, होम स्क्रीन येतच नाही. बॉक्सचा रिमोट टीव्हीचं पॉवर आणि आवाज शिकू शकतो, तो शिकवला. म्हणजे आईंच्या हातात एकच रिमोट, आकडेवाला. त्याच्या चालू बटणाला माझं लाल नेलपॉलिश. टीव्हीचा रिमोट नवऱ्याच्या ड्रॉवरमध्ये, त्याच्या ओटीटी बटणांवर त्यानेच पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली. आवाजाचं राहिलंच, स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतात त्यामुळे संवाद पुसट आणि पार्श्वसंगीत ढणढण, त्याला क्लिअर व्हॉइस नावाचं सेटिंग आहे, त्याने सत्तर टक्के काम झालं. साऊंडबार नको म्हटलं, अजून एक रिमोट येईल.

एवढे हजार रुपये घेता आणि आकड्यांची दहा बटणं द्यायला परवडत नाही, पण जाहिरातीची चार परवडतात. आईंचा पहिला टीव्ही शटरचा ब्लॅक अँड व्हाइट होता, त्या सांगतात एक गोल बटण, खटकन फिरवलं की चालू. त्यात जुन्या काळाचं कौतुक म्हणून नाही सांगत, चित्र आताचंच चांगलं आहे, वादच नाही.

इतकं चांगलं की काल मालिकेच्या सातव्या मिनिटाला आईंनी मला हाक मारली आणि सुनेच्या क्लोजअपकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघ, नथ चापाची आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं हिचं नाक टोचलेलंय." आता रोज संध्याकाळी कुणाचे दागिने खोटे, कुणाची भिंत पुठ्ठ्याची, कुणाच्या ताटातली भाकरी सकाळची आहे याचा पंचनामा चालतो आणि नवरा ऑफिसमधून आला की आधी तो ऐकतो, मग चपला काढतो.

टीव्हीलाच चालणारा, आकडे असलेला साधा मोठ्या बटणांचा रिमोट कुणी वापरला असेल तर कमेंटमध्ये सांगा प्लीज. आणि नेलपॉलिश दोन आठवड्यांत निघतं, त्यावर काही उपाय असेल तर तोही.