सर, पोरांना पाठीशी नाही घालत आहे

सर, आजच्या पिढीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हायचं नव्हतं म्हणून वेळ लागला. तुमचं म्हणणं असं की मी लेखात पोरांना उगाच पाठीशी घातलंय, ह्यांना दहा मिनिटं एका जागी बसून वाचवत नाही, समोरच्याशी धड बोलता येत नाही, आणि आम्हीही टीव्हीसमोरच वाढलो, आमचं कुठे काय बिघडलं? वर ज्यांना मी टेक्नॉलॉजीची पिढी म्हणते त्यांना डाउनलोड केलेली फाईल कुठे गेली ते सापडत नाही.

हे शेवटचं शंभर टक्के मान्य. 'डिजिटल नेटिव्ह', म्हणजे जन्मापासून डिजिटल जगात वाढलेली पोरं, हा शब्द मार्क प्रेन्स्की ह्या अमेरिकन लेखकाने 2001 मध्ये रूढ केला आणि तेव्हापासून आपण धरूनच चाललोय की पोरं हे सगळं आईच्या पोटातून शिकून येतात. तसं काही नसतं. आयसीआयएलएस नावाची आठवीच्या मुलांना कॉम्प्युटर कितपत येतो ते बघणारी आंतरराष्ट्रीय चाचणी असते, 2018 ला त्यात सगळ्यात वरच्या पातळीला जेमतेम 2 टक्के मुलं पोचली. अॅप चालवता येणं वेगळं, कॉम्प्युटर कळणं वेगळं. त्यामुळे हुशारी ही काही ह्या पिढीची ओळख नाही, माझ्या लेखातून तसा अर्थ निघत असेल तर ती माझी चूक.

पण टीव्हीचं नाही पटलं सर. टीव्ही आपण बघायचो, टीव्ही आपल्याला बघत नव्हता! आपण शाळेत काय वेडेपणा केला, कुणाला काय बोललो, कसले कपडे घातले, हे फार तर चार मित्रांच्या लक्षात राहिलं आणि तेही हळूहळू विसरले, आणि त्या विसरण्याच्या जोरावरच आपण मोठे झालो असं मला मनापासून वाटतं. फेसबुकवर लाईकचं बटण आलं फेब्रुवारी 2009 मध्ये, आयफोनला पुढचा कॅमेरा आला 2010 ला. माझी लेक त्याच सुमाराची. म्हणजे आपल्याकडे कोणीतरी बघतंय, मोजतंय आणि जपून ठेवतंय, ह्याशिवायचा एकही दिवस तिने पाहिलेला नाही. ह्या पिढीची ओळख काय विचाराल तर मी हे सांगेन. फोन हातात असणं ही नाही, तो तर आपल्याही हातात असतो.

एक सांगते. मध्यंतरी तिचं आणि मैत्रिणीचं कडाक्याचं भांडण झालं, बोलणं पूर्ण बंद. तरी रोज रात्री झोपायच्या आधी ती फोन वर धरून छताचा एक फोटो काढायची, काही नाही, नुसता पंखा आणि अंधार, आणि तिला पाठवायची. तिकडूनही तसलाच काहीतरी यायचा, एकदा तर नुसती उशी. मी विचारलं हे काय, तर म्हणाली स्ट्रीक आहे, सलग किती दिवस एकमेकींना फोटो पाठवले त्याचा आकडा, तीनशेच्या वर दिवस झालेत, चोवीस तासात दोघींनी नाही पाठवलं तर आकडा जातो. मला आधी हसू आलं पण तिचा चेहरा बघून गप्प बसले. आपल्या वेळी भांडण झालं की आठ दिवस तोंड फिरवता यायचं, तो रागही आपलाच असायचा. इथे मैत्रीलाही मीटर लावलेलं आहे आणि ते मीटर तिने नाही बसवलेलं.

एकाग्रतेचंही तसंच आहे. खाली सरकवत राहा, संपतच नाही, हे डिझाईन 2006 मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरने केलं आणि पुढे त्याने स्वतः जाहीरपणे त्याबद्दल खेद व्यक्त केला. बनवणारा मोठा माणूस पस्तावतो आणि बोल मात्र बारा वर्षांच्या पोराला लावायचे, हे मला अन्याय वाटतं. तुम्ही म्हणता तसं त्यांचं लक्ष टिकत नाही, खरंय, पण ते ओढणारी माणसं पगारी आहेत हो.

आणि सुरुवात तर घरातूनच होते. सोशल मीडियावर बहुतेक ठिकाणी अकाउंट उघडायची अट 13 वर्षांची, पण माझ्या लेकीचा फोटो तिच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी मीच टाकला होता. आंघोळीचे, रडतानाचे, पडून गुडघा फुटला त्याचे, सगळे मीच. तिला विचारायचा प्रश्नच मनात आला नाही. युरोपात 2018 पासून लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा जीडीपीआर कायदा लागू आहे, त्यात आपली माहिती पुसून मागायचा हक्क आहे आणि लहानपणी दिलेल्या माहितीचा त्यात वेगळा विचार केलाय, हे वाचल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की माझ्याच घरात कुणाला तरी हे मागायचं असेल.

तुम्ही शेवटी विचारलंय की मग पालकांनी करायचं काय. सगळं मला ठाऊक नाही सर. मी एवढंच केलं की एका रविवारी तिला शेजारी बसवलं, माझं अकाउंट उघडलं आणि म्हटलं काय ठेवायचं ते तू सांग. दीड तास लागला, ती एकेक बघत होती, हे काढ, हे पण काढ, ह्यावर मावशीने काय लिहिलंय बघ, काढ. भांडण नाही की आदळआपट नाही. गुडघ्याचा फोटो आला तेव्हा मी आपणहून काढायला गेले तर तिने माझा हात धरला. म्हणाली हा राहू दे, पण फक्त तुझ्या फोनमध्ये.