पेट्रोल पंपावर बीडीएल कसा आणावा

पंपाची जमिनीखालची टाकी गळते अशी कुजबुज सुरू झाली, की आवारात निरीक्षण विहिरी, म्हणजे पाइप घातलेली बारीक बोअर, घेतल्या जातात आणि त्यांतलं पाणी लॅबला जातं. रिपोर्टात पेट्रोलमधल्या बेंझीनपुढे 'बीडीएल', म्हणजे मोजण्याइतकंही सापडलं नाही, असं यावं एवढीच शेठची माफक इच्छा. बेंझीनने कॅन्सर होतो आणि पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, हे खरं. पण शेठकडे जारचं पाणी येतं. तेव्हा नमुने घेणाऱ्या माझ्या बंधूंनो, आकडे खोडायचं पाप करू नका. नुसता आळस केलात तरी काम होतं.

सुरुवात जागेपासून करा. टाकीखालून भूजल जिकडे वाहतं, त्या उताराला विहीर हवी असं शास्त्र सांगतं. तुम्ही ती चढाला घ्या. पाइपाचा जाळीचा भाग पाण्याच्या पातळीपासून चांगला खाली ठेवा. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, ते बिचारं बिनजाळीच्या पाइपाबाहेरच ताटकळेल. कुणी शंका काढलीच तर 'बेसाल्ट आहे साहेब, पाणी कुठल्या भेगेतून जाईल सांगता येत नाही' म्हणा. यातला दुसरा अर्धा भाग खराही आहे, म्हणून तर ते इतकं चालतं. एवढं करूनही धाकधूक असेल तर मे महिन्यात जा. विहीर कोरडी, अहवाल पूर्ण.

नमुन्याआधी पाइपात साचलेलं शिळं पाणी उपसायचं असतं. दोन इंची पाइपात मीटरमागे साधारण २ लिटर पाणी असतं. दहा मीटर पाणी असलं आणि जुन्या रिवाजाप्रमाणे तिप्पट उपसायचं ठरवलं तर ६० लिटर झाले. एवढं उन्हात कोण उपसणार? वर उपसलेलं पाणी ड्रममध्ये साठवायची कटकट. वरवरचं शिळंच घ्या, त्यातलं बरंचसं बेंझीन आधीच हवेत गेलेलं असतं. तेलाचा थर मोजणाऱ्या प्रोबची बॅटरी अशा दिवशी उतरलेलीच असते.

आता खरी कला. बेलर, म्हणजे पाणी काढायला दोरीने विहिरीत सोडायची नळी, हळू सोडायचा असतो. तुम्ही धपकन सोडा, दोन-चारदा खालीवर घुसळा. मग पाणी ४० मिलीच्या काचेच्या व्हायलमध्ये हातभर उंचीवरून ओता, चहावाला ओततो तसं. व्हायल काठोकाठ भरून, झाकण लावून, उलटी करून टिचकी मारायची आणि बुडबुडा दिसला तर दुसरी भरायची असा नियम आहे. बुडबुडा राहू द्या. बेंझीनला पाण्यापेक्षा हवा प्यारी. ते त्या बुडबुड्यात शिरतं आणि झाकण उघडताच निघून जातं. व्हायलमध्ये ॲसिडचे थेंब असतात, कारण पाण्यातले जिवाणू बेंझीन खातात. त्यांच्या पोटावर पाय कशाला? ॲसिड विसरा. बर्फाची पेटीही विसरा. गाडीची डिकी काय वाईट आहे?

तरीही एखाद्या विहिरीत बेंझीन सापडेलच अशी भीती असेल, तर क्रम उलटा करा. स्वच्छ विहिरीकडून घाण विहिरीकडे जायचं असतं. तुम्ही आधी सगळ्यात वासाची विहीर घ्या आणि तोच बेलर, तेच हातमोजे घेऊन चढावरच्या स्वच्छ विहिरीत उतरा. आता तिच्यातही बेंझीन निघेल. म्हणजे प्रदूषण वरून, शेजारच्या गॅरेजमधून येतंय! गॅरेजवाल्याकडे सल्लागार नसतो. लॅबहून आलेली शुद्ध पाण्याची व्हायल, जी नमुन्यांसोबत नुसती फिरून परत जाते, ती मात्र ऑफिसातच ठेवा. वाटेत बेंझीन शिरलं तर सांगून टाकते, फार चुगलखोर असते ती.

एखादा अभ्यासू मनुष्य चेन्नईच्या तोंडियारपेटचा विषय काढेल. २०१३ साली तिथे लोकांच्या घरच्या बोअरमधूनच इंधन यायला लागलं. वास ओळखायला कुणाला लॅब लागली नाही. अशा वेळी गडबडू नका. चष्मा पुसा आणि शांतपणे विचारा : त्यांनी बादलीवर लेबल लावलं होतं का? वेळ लिहिली होती का? आणि नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला ते लिहायच्या कस्टडी फॉर्मवर सही कुणाची?