चिमणीचं पथ्य

आमच्या मांजरीचं नाव चिमणी. घरी आली तेव्हा तळहातावर मावायची, म्हणून ठेवलं. पुढे तिने ते नाव फारसं मनावर घेतलं नाही. आता ती १६ वर्षांची आहे, म्हणजे माणसाच्या हिशोबात साधारण ऐंशीची. इतकी वर्षं ती एकाच प्रकारचं कोरडं खाद्य, बारीक गोल दाणे, मुकाट खात होती. मग डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं. "मूत्रपिंडं थकलीत. आता फॉस्फरस कमी असलेलं खाद्य सुरू करा." इतक्या सहज म्हणाले, जणू चिमणीशी आधीच बोलणं झालंय.

एकदम बदलायचं नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू न्यायचं, असंही बजावलं. आधी पाव हिस्सा नवीन, मग अर्धा, मग पाऊण. नवे दाणे त्रिकोणी होते. पहिल्या रात्री मी दोन्ही नीट कालवून ठेवले. सकाळी पाहते तर बशीत नुसते त्रिकोण. एकूण एक. गोल दाणा औषधालाही नाही. मला दिवसाउजेडी चष्मा लावून इतकं नेमकं निवडता येत नाही. एक त्रिकोण तेवढा बशीबाहेर ओलसर पडला होता. तो चुकून तोंडात गेला असावा आणि चूक लक्षात येताच साभार परत आला असावा.

नवरा म्हणाला, "लाड बास झाले. भूक लागली की झक मारत खाईल."

हे नवऱ्यांना लागू पडतं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि प्रकरण जिवावर बेततं. म्हणजे समोरची उपोषणाला बसलेली आणि धास्ती आपल्याला. तिला यातलं काही ठाऊक नसावं, पण वागते मात्र सगळं वाचून आल्यासारखी.

मग ओल्या खाद्याची पाकिटं आणली. मांजराच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या जेमतेम ४७०, माणसाच्या ९,०००च्या आसपास. गोड तर त्यांना कळतच नाही. एवढ्या भांडवलावर ही चोखंदळपणा करते! खरा कारभार नाकाचा, आणि म्हातारपणी नाकही मंदावतं. म्हणून खाणं कोमट करून द्यायचं, अंगाच्या उबेइतकं, ३८ अंशांच्या जवळपास. मी पाकीट गरम पाण्यात बुडवून, तान्ह्या बाळाच्या दुधासारखा थेंब मनगटावर टाकून पाहू लागले. दिवसभर मनगटाला माशाचा वास. ऑफिसात शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

चिमणी आली. हुंगलं. वरचा रस्सा चाटून घेतला, इतका निगुतीने की फोडी धुऊन पुसून ठेवल्यासारख्या दिसायला लागल्या. मग एक पाऊल मागे सरली आणि बशीभोवतीची फरशी पंजाने ओढू लागली. खर्र, खर्र. डावीकडून, उजवीकडून, मध्येच थांबून माझ्याकडे एक नजर. उरलेलं अन्न पुरून ठेवायची ही मांजरांची उपजत सवय, असं म्हणतात. असेल. पण आपल्या वाळूच्या पेटीत विधी आटोपल्यावर चिमणी पंजा अगदी असाच ओढते, हे मी १६ वर्षं पाहतेय.

पाच चवी, तीन बश्या आणि दोन कोपरे बदलून झाले. एका रात्री थकून मी जेवणाच्या टेबलाशी बसले. तिची बशी घासायची होती, म्हणून पाकीट माझ्याच ताटलीत रिकामं करून काट्याने फोडी चुरत होते. फोन वाजला. वळून बोलत होते, तेवढ्यात मागून चपचप ऐकू आली. बाईसाहेब टेबलावर! फोडींसकट ताटली निम्मी साफ.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. फरशीवर मानाने वाढलं की ते पथ्य. माझ्या ताटातलं उचललं की ती चोरी, आणि चोरीची चव काही औरच.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ प्रयोग लागतो. ताटली माझ्यापुढे. हातात चमचा. एक-दोनदा तोंडापर्यंत न्यायचा, "मस्त झालंय" म्हणायचं, मग बेसावधपणे खिडकीबाहेर बघायचं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्याकडे मांजर उघड्या डोळ्यांनी खातं, डोळे मी मिटते. अभिनय जरा कमी पडला की ती थबकते आणि खाली उतरते. मधूनच "हड्, माझं आहे ते!" म्हणावं लागतं, तेही मनापासून.

परवा असाच प्रयोग रंगात आला होता. चमचा तोंडाशी होता, टेबलाच्या कडेवर एक करडा पंजा नुकताच उगवला होता, आणि उघड्या दारातून शेजारच्या काकू आत आल्या. त्यांनी ताटली पाहिली. बाजूचं पाकीट पाहिलं, त्यावरचं मांजराचं चित्रही पाहिलं.

"काय गं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "बरं चाललंय ना सगळं?"

पंजा पहिल्या फोडीपाशी पोचला होता. मी हलले असते तर ती खाली उतरली असती. मी चमचा तसाच धरून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मस्त झालंय."