मुंदिन वारा बन्नी
बातमीत लिहिलंय की दिव्यांग पेन्शनचं काम आता घरबसल्या होतंय. व्हय की, पण भावाचा अर्ज घालून सात महिने झाले, मोबाइलवर बघावं तर तेच 'पेंडिंग'. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ६५ टक्के दिव्यांगत्व लिहिलंय, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अट ४० ची, मग अडलंय कुठं? पोचपावती सगळी कन्नडात, शेजारच्या पोराकडनं वाचून घेतो. भाऊ कुबडी टेकत कचेरीचा जिना चढतोय (दिव्यांगांचं टेबल वरच्या मजल्यावर, बोला आता!) आणि साहेब मान वर न करता म्हणतोय 'मुंदिन वारा बन्नी', पुढच्या आठवड्यात या. एवढं कन्नड आता आईलाबी यायलंय. आधारवरच्या आणि कार्डावरच्या नावात एक अक्षर वेगळं पडलंय म्हणून अडलंय, हे परवा कळलं, तेबी शिपायाकडनं.